पपईवर असेरोफॅगस सोडूनही ममी का दिसत नाहीत?

प्रश्न: पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी असेरोफॅगस पपाये ही ढेकणात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी सोडून 8 दिवस झाले. पांढरा कापूस तसाच आहे, पानांवर चिकटा (ढेकणाचा गोड चिकट स्राव) आणि काळी बुरशीही. ममी, म्हणजे पोटात माशीची अळी वाढून मेलेला कडक ढेकूण, एकही नाही. एक फवारणी घेऊन माशी पुन्हा सोडावी का?

उत्तर 1: फवारणी अजिबात नको. ढेकूण मेणाखाली वाचतो, मरते ती उघड्यावर फिरणारी माशी. 8 दिवस फार कमी झाले. अंड्यापासून माशी निघेपर्यंत साधारण 2-3 आठवडे जातात आणि तेवढा काळ सगळं ढेकणाच्या पोटातच चालतं.

कापसावरून अंदाज बांधू नका, ढेकूण मेला तरी मेण पानावर राहतं. पानामागे शिरेलगतचं मेण मऊ ब्रशने झटका आणि 10 पटीच्या भिंगातून पाहा. जिवंत ढेकूण पिवळा, मऊ असतो. ममी फुगीर, कडक, तपकिरी. माशी निघून गेली असेल तर टोकाला गोल भोक. ही माशी ढेकणाची दुसऱ्या अवस्थेतली लहान पिल्लं जास्त पसंत करते, म्हणून ममीही बारीक असतात. मोठ्या ढेकणांत शोधलं तर हाती काही लागत नाही.

उत्तर 2: ढेकूण तोच आहे ना, हे आधी पाहा. पपईवरचा पॅराकॉकस मार्जिनॅटस अल्कोहोलमध्ये ठेवला की निळसर काळा पडतो. पाठीवर काळे ठिपके असतील तर तो बहुधा कपाशीवरचा. त्याच्यावर एनासियस ही वेगळी माशी काम करते. 2008 मध्ये कोइम्बतूरला पपईवरचा ढेकूण सापडला, 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून बेंगळुरूला असेरोफॅगस आणली गेली, ती याच ढेकणासाठी.

उत्तर 3: मुंग्या आहेत का? चिकट्यासाठी त्या ढेकणाची राखण करतात, माशीला अंडी घालू देत नाहीत. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. थेट सालीवर लावू नका, पपईची साल नाजूक असते.

दुसरी चूक म्हणजे किडकी पानं तोडून जाळणं. त्यांच्यासोबत ममीही जळतात. पानं बरणीत घाला, तोंडाला घट्ट कापड बांधा, बरणी काळ्या कागदात गुंडाळा आणि कापडातून काचेची नळी उजेडाकडे तोंड करून बसवा. माश्या उजेडाकडे येऊन नळीत जमतात. नळीत मधाचा बारीक ठिपका द्या; थेंब मोठा झाला तर त्यातच चिकटून मरतात. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन नसताना, ढेकूण असलेल्या झाडाजवळ सोडा.

बांधावरचं गाजरगवतही तपासा, हा ढेकूण त्यावरही वाढतो.