विगन २०१३: कपच्या नादात लीग गेली का?

लेफ्टबॅक_पुणे:

एक प्रश्न विचारायचाय, खरं तर माझा नाही, माझ्या पोराचा आहे, वय वर्षं नऊ. रविवारी त्याला २०१३ च्या एफए कप फायनलचे (एफए कप म्हणजे इंग्लंडची हरला की बाहेर अशी कप स्पर्धा) हायलाइट्स दाखवत होतो, विगन ॲथलेटिक विरुद्ध मँचेस्टर सिटी. ती मॅच आम्ही हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये सहा जणांनी बघितली होती, त्यातले पाच जण सिटी किती गोलनी जिंकणार यावर वाद घालत होते आणि मी एकटा विगनचा. ८४ व्या मिनिटाला सिटीच्या झाबालेटाला दुसरं यलो मिळून तो बाहेर, मग ९० मिनिटं संपली, एक्स्ट्रा टाइम होणार असं वाटत असताना विगनच्या मलोनीचा कॉर्नर आणि बेन वॉटसनचं हेडर. वॉटसन तर ८१ व्या मिनिटाला सब म्हणून आलेला, नोव्हेंबरमध्ये पाय मोडून कित्येक महिने बाहेर बसलेला माणूस! १-०. क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. अजून अंगावर काटा येतो.

पोरगा पण उड्या मारायला लागला. मग विचारतो, पुढच्या वर्षी ते लीग जिंकले का? म्हटलं नाही रे, तीन दिवसांनी ते खाली गेले, म्हणजे रेलिगेट होऊन खालच्या लीगमध्ये. ११ मेला कप आणि १४ मेला आर्सेनलकडून ४-१ हरून प्रीमियर लीगमधून बाहेर. एकाच सीझनला एफए कप जिंकून रेलिगेट झालेली ती पहिलीच टीम. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "कप जिंकायला गेले म्हणून खाली गेले का?"

मला उत्तर देता आलं नाही. नशीब असतं असं सांगून त्याला गप्प करायचं नाहीये, तो खरंच विचारतोय. ज्यांनी तो सीझन नीट फॉलो केला होता त्यांनी सांगा, कप रन नसती तर विगन वाचलं असतं का?


तीन_डिफेंडर:

कपमुळे नाही. सरळ सांगतो.

विगन १८ वे आले, ३६ पॉइंट. १७ व्या नंबरवर, म्हणजे वाचणाऱ्या शेवटच्या जागेवर, सुंदरलंड, ३९ पॉइंट. म्हणजे फरक तीनचाच, पण गोल डिफरन्स (केलेले वजा खाल्लेले गोल, पॉइंट सारखे झाले की हाच बघतात) बघा, विगनचा उणे २६ आणि सुंदरलंडचा उणे १३. ३८ मॅचमध्ये ७३ गोल खाल्ले त्यांनी. ७३ गोल खाणारी टीम कप खेळो नाहीतर न खेळो, ती धोक्यातच असते.

आणि मूळ दुखणं त्याच्याही आधीचं आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर मोझेस चेल्सीला विकला, रोडालेगा फुलहॅमला गेला, डियामे वेस्ट हॅमला गेला, एका फटक्यात तीन महत्त्वाचे खेळाडू. अरूना कोने आला आणि त्याने लीगमध्ये ११ गोल केले, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण मॅनेजर मार्टिनेझची सगळी सिस्टिम मागच्या तिघांवर उभी होती आणि तिथेच दुखापती. रामिस जानेवारीत गुडघ्यामुळे सीझनभरासाठी गेला, अल्काराझ कित्येक महिने नव्हता, दर दोन आठवड्यांनी मागची लाइन वेगळी, मग कोण कुणाला कव्हर करणार.

शिवाय कपच्या सुरुवातीच्या राउंडना मार्टिनेझ मेन टीम खेळवतच नव्हता. बोर्नमथशी घरी १-१, मग रिप्ले (बरोबरीमुळे परत खेळवलेली मॅच) १-०, मॅक्लसफील्डला १-०, हे सगळं राखीव पोरांवर निघालं. कॅलम मॅकमॅनमन कपमधूनच तर पुढे आला, तोच पोरगा शेवटी फायनलचा मॅन ऑफ द मॅच झाला. म्हणजे कपने लीगच्या टीमला एक खेळाडू दिला असंच म्हणावं लागेल.


घामट_जर्सी:

तीन_डिफेंडर, तुमचे आकडे बरोबर आहेत पण तुम्ही पूर्ण सीझनची सरासरी बघताय, मी शेवटचे पाच आठवडे बघतो.

मार्चपर्यंत गाडी रुळावर येत होती. रीडिंगला त्यांच्या घरी ३-०, न्यूकॅसलला २-१, नॉर्विचला १-०, आणि मधे क्वार्टर फायनलला एव्हर्टनच्या मैदानावर चार मिनिटांत तीन गोल, ती मॅच ज्याने बघितली तो विसरणार नाही. मग १३ एप्रिलला वेंबलीवर सेमी, मिलवॉलला २-०. आणि सेमीनंतरच्या लीगच्या मॅच लिहून काढा: सिटी ०-१, वेस्ट हॅम ०-२, टॉटेनहॅम २-२, वेस्ट ब्रॉम ३-२, स्वान्सी २-३, आर्सेनल १-४, व्हिला २-२. सात मॅचमध्ये एक विजय, २१ पैकी पाच पॉइंट. याच टीमने आदल्या वर्षी शेवटच्या नऊपैकी सात मॅच मारल्या होत्या, युनायटेडला हरवलं, अॅनफिल्डवर लिव्हरपूलला हरवलं, एमिरेट्सवर आर्सेनलला हरवलं आणि ४३ पॉइंटवर १५ वे आले. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये जो जोर मारून ते वाचायचे तो जोर या वर्षी कपमध्ये खर्च झाला असं माझं ठाम मत आहे. आर्सेनलची मॅच फायनलच्या वीकेंडला होती, फायनलमुळे ती मंगळवारी ढकलली. ४, ७, ११, १४ मे, अकरा दिवसांत चार मॅच आणि त्यातली एक क्लबच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. आर्सेनलशी हाफटाइमला १-१ होतं, मलोनीने फ्रीकिकवर बरोबरी केली होती, आणि ६३ ते ७१ या आठ मिनिटांत तीन गोल खाल्ले. ते पाय संपल्याचं लक्षण आहे, दुसरं काही नाही.


तीन_डिफेंडर:

पाय संपले होते हे मान्य. पण त्या सातमध्ये सिटी आणि आर्सेनल दोन्ही मॅच त्यांच्या मैदानावर आहेत, तिथे हरणं काही नवल नाही. माझ्या मते सीझन गेला तो घरच्या दोन मॅचमध्ये. एक २७ एप्रिल, टॉटेनहॅमशी २-१ पुढे होते आणि ८९ व्या मिनिटाला विगनच्याच बॉइसचा स्वतःच्याच गोलमध्ये बॉल. दुसरी ७ मे, स्वान्सीशी दोनदा पुढे जाऊन २-३. नुसती स्वान्सी जिंकली असती तरी भागत नव्हतं, ३९-३९ होऊन गोल डिफरन्सवर खालीच गेले असते. दोन्ही जिंकायला हव्या होत्या, तीन आणि दोन पाच, ३६ चे ४१. वाचले असते. तुमच्या पोराला हे कागदावर मांडून दाखवा, पर्वतीचा असो की विगनचा, नऊ वर्षांच्या पोराला ही बेरीज कळते.


रुवीवाली:

मी त्या वेळी मस्कतला होते, २०११ ते २०१५. तिथे विगन म्हणजे आपलीच टीम होती, कारण विगनचा गोलकीपर अली अल हब्सी. ओमानचा पहिला माणूस प्रीमियर लीगमध्ये खेळलेला, २०१०-११ चा विगनचा प्लेअर ऑफ द सीझन. आमच्या ऑफिसमधले ओमानी सहकारी युनायटेड-लिव्हरपूलचे फॅन असले तरी विगनची मॅच सोडायचे नाहीत. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, ऑफसाइड काय असतं ते मला तिथल्या आमच्या वयस्कर ड्रायव्हरकाकांनी चहाच्या कपांनी टेबलावर मांडून शिकवलं.

फायनलला गोलमध्ये अल हब्सी नव्हता, अॅटलेटिकोकडून लोनवर आलेला जोएल होता, शेवटी शेवटी लीगमध्येही तोच खेळायला लागला. त्यामुळे ऑफिसमध्ये त्या दिवसाचा आनंद जरा वेगळाच होता, कप आला पण आपला माणूस मैदानात नाही. काकांना विचारलं तुम्हाला वाईट वाटलं का, ते म्हणाले बाराव्या माणसालाही जिंकल्याचा आनंद होतोच. आणि खाली गेल्यावर ऑफिसमध्ये दोन दिवस कोणी तो विषयच काढला नाही. कपमुळे गेले असं मात्र एकानेही म्हटलेलं मला आठवत नाही.


बोल्टनकर:

मी गेली नऊ वर्षं इकडे लँकेशायरच्या पट्ट्यात हॉस्पिटलमध्ये काम करतो, विगन आमच्यापासून पाऊण तासाच्या आत. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळेल पण थोडं गावाकडे पण बघा.

विगन हे मुळात रग्बी लीगचं गाव. फुटबॉल क्लब लीगमध्ये आला तोच १९७८ ला, तोपर्यंत बाहेरच. डेव्ह व्हीलननी १९९५ मध्ये क्लब घेतला तेव्हा तो चौथ्या पातळीवर खेळत होता, दहा वर्षांत प्रीमियर लीगमध्ये आला. आणि हे व्हीलन स्वतः १९६० ची एफए कप फायनल ब्लॅकबर्नकडून खेळले होते, हाफटाइमच्या आधी पाय मोडला, स्ट्रेचरवरून बाहेर, टीम ०-३ हरली. तो माणूस ५३ वर्षांनी त्याच वेंबलीवर आपल्या टीमच्या पुढे चालत मैदानात गेला, आणि जिंकवून देणारा गोल कोणी मारला, तर त्याच सीझनला पाय मोडलेल्या वॉटसनने. इथल्या वयस्कर पेशंटना विगनचं नाव काढलं की ते १९६० पासून सुरू करतात, २०१३ पर्यंत यायला अर्धा तास लागतो, आणि मी त्यांना कधी थांबवत नाही.

खाली गेल्याची किंमत फार मोठी होती हे खरं. पुढच्याच सीझनपासून नवीन टीव्ही करार, नुसत्या ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचे तीन वर्षांचे ३ अब्ज पौंडांच्या वर, ते नेमके हातचे गेले. मार्टिनेझ एव्हर्टनला गेले. दोन वर्षांत क्लब तिसऱ्या पातळीवर. २०२० ला तर अॅडमिनिस्ट्रेशन (पैसे संपून क्लबचा कारभार बाहेरच्यांच्या हाती), १२ पॉइंट कापले, मैदानावर कमावलेले ५९ होते, म्हणजे १३ वे आले असते, पण ४७ वर खाली ढकलले गेले. त्याच जुलैमध्ये हल सिटीला ८-० मारलेलं, पगाराचे वांधे असताना. फॅन्सनी क्लब वाचवायला वर्गणी काढली.

आता माझा मुद्दा. इतकं सगळं भोगलेल्या माणसांना मी विचारलंय, एकदा नाही चांगल्या पाच-सहा जणांना, की कप परत देऊन लीगमध्ये राहायला मिळालं असतं तर घेतलं असतं का. एकही हो म्हणाला नाही. एक आजी म्हणाल्या, आठ वर्षं प्रीमियर लीग बघितली, त्यातल्या मॅच आता एकमेकीत मिसळून जातात, तो शनिवार मिसळत नाही.


घामट_जर्सी:

हे मला माहीत नव्हतं, १९६० चं. माझं पाच आठवड्यांचं मत तेच आहे पण आजींशी मी वाद घालणार नाही.

बाकी कपमुळे लीग जाण्याचं खरंखुरं उदाहरण पाहिजे असेल तर मिडल्सबरो १९९७. एफए कप आणि लीग कप, दोन्ही कपच्या फायनलला गेले, दोन्ही हरले, आणि आजारपणामुळे खेळाडू नाहीत म्हणून ब्लॅकबर्नची मॅच खेळायला गेले नाहीत त्याचे तीन पॉइंट कापले. ते तीन असते तर वाचले असते. तिथे निदान विगनसारखा कप तरी हातात असायला हवा होता, काहीच नाही मिळालं बिचाऱ्यांना.


फातोर्डा_ईस्ट:

आमच्या गोव्यातलं उदाहरण कोणी देणार नाही म्हणून मीच देतो. डेंपो. पाच वेळा देशाचे चॅम्पियन. २०१४-१५ ला फेडरेशन कपच्या फायनलला पोचले, जानेवारीत, इथेच फातोर्ड्याला, बंगळुरूकडून १-२ हरले. आम्ही घरी परतताना बोलत होतो की टीम जमतेय, आय-लीगला बघा आता. आणि त्याच सीझनला आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या मुख्य लीगमधून, खाली. डेंपो खाली जाऊ शकते हे आमच्या घरी माझ्या वडिलांना पटतच नव्हतं, टेबल छापून आलं तरी ते पेपर उलटा करून ठेवायचे.

तिथे कपचा काही संबंध नव्हता. कपच्या चार-पाच मॅच चांगल्या गेल्या की भेगा झाकल्या जातात, बुजत नाहीत, लीग त्या बरोबर शोधून काढते. २०१६ ला तर मोठे गोवेकर क्लब आय-लीगमधून बाहेरच पडले. डेंपो परत वर यायला २०२४ उजाडलं. वडील तोपर्यंत नव्हते.


लेफ्टबॅक_पुणे:

सगळ्यांचे मनापासून आभार. फातोर्डा, तुमच्या वडिलांचं वाचून खूप वाईट वाटलं.

काल रात्री पोराला घेऊन बसलो. तीन_डिफेंडरची बेरीज वहीत मांडली, ३६ अधिक ३ अधिक २, सुंदरलंड ३९. त्याने स्वतः गोल डिफरन्सची वजाबाकी केली. मग घामट_जर्सीच्या सात मॅच त्याला वाचून दाखवल्या, तर म्हणाला दोघांचंही बरोबर आहे, दमले पण होते आणि डिफेन्स पण तुटलेला होता. मला वाटतं तो माझ्यापेक्षा लवकर तिथे पोचला. व्हीलनची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, ती ऐकताना त्याने दोनदा विचारलं की वॉटसनला १९६० चं माहीत होतं का.

मग तो बॉइसवर अडला. टॉटेनहॅमच्या मॅचमध्ये ज्याने आधी विगनचा गोल केला आणि ८९ व्या मिनिटाला स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घातला तो बॉइस कोण, बघू दे म्हणाला. मी फायनलनंतरचा व्हिडिओ लावला. वेंबलीच्या पायऱ्या चढून कॅप्टन बॉइस आणि गॅरी काल्डवेल दोघं मिळून कप उचलतात तो. टॉटेनहॅमची मॅच २७ एप्रिलची, हा ११ मे. पोरगा स्क्रीनजवळ जाऊन बोट ठेवून म्हणाला, "हाच तो? फक्त चौदा दिवसांनी?" आणि मला ते परत लावायला सांगितलं.