मेजरबाहेरचे विषय शेवटच्या वर्षासाठी ठेवावेत का?

प्रश्न (दुसरं_वर्ष)

मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पदवीला 120 क्रेडिट लागतात. त्यातले 30 सामान्य शिक्षणाचे, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे दहा विषय मेजरच्या (म्हणजे मुख्य विषयाच्या) बाहेरचे घ्यायचे. दोन लेखनाचे, दोन गणिताचे, दोन प्रयोगांसह विज्ञानाचे, दोन सामाजिक शास्त्रांचे आणि दोन इतिहास-तत्त्वज्ञान-कला या गटातले. माझे चार झाले: लेखनाचा पहिला, गणिताचे दोन्ही आणि मानसशास्त्राची ओळख. सहा उरलेत.

मला या विषयांचा राग येतो. गेल्या सेमिस्टरला डेटाबेसचा प्रकल्प अर्धवट सोडून मी मानसशास्त्राच्या व्याख्या पाठ करत बसले. परीक्षा झाल्यावर पंधरा दिवसांत त्यातलं काहीही आठवेना. तीन क्रेडिटची फी भरून माझ्या हाती काय लागलं?

वरच्या वर्गातले म्हणतात, सोपे बघून घे आणि ते शेवटच्या वर्षासाठी ठेव. असं ठेवलं तर काही अडतं का? आणि इतिहास-तत्त्वज्ञान गटातून मी तर्कशास्त्र घ्यायचं म्हणतेय, कारण ते माझ्या विषयाला जवळचं आहे. बरोबर आहे का?

उत्तर 1 (नोंदणी_खिडकी)

मी कॉलेजच्या नोंदणी विभागात काम करते. शेवटच्या वर्षासाठी ठेवू नकोस, निदान विज्ञानाचे तरी नाहीच. प्रयोगशाळेत जागा मोजक्या असतात, प्रात्यक्षिक सलग दोन-तीन तासांचं असतं आणि नेमकी तीच वेळ तुझ्या प्रकल्पाची निघते. शिवाय सगळे विषय दर सेमिस्टरला शिकवले जात नाहीत. एका विषयासाठी पदवी सहा महिने लांबलेली मुलं माझ्या खिडकीशी येतात. तेव्हा मला काही करता येत नाही, आणि ते सांगायला मला फार जड जातं.

आणखी एक. काही ठिकाणी एकच विषय मेजर आणि सामान्य शिक्षण अशा दोन्हींत धरतात, काही ठिकाणी नाही. तू ज्या वर्षी प्रवेश घेतलास त्या वर्षीची नियमपुस्तिका काढ, सल्लागाराला ईमेलवर विचार आणि उत्तर जपून ठेव. तोंडी ‘चालेल’ वर जाऊ नकोस.

उत्तर 2 (रिकामा_रकाना)

मी संख्याशास्त्राचा. वीस वर्षं डेटाचं काम करतोय. तुझा राग मला ओळखीचा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला इतिहासाचा एक विषय सक्तीने घ्यावा लागला होता. पहिल्याच आठवड्यात बाईंनी एका पुराबद्दलचे तीन कागद वाटले: सरकारी अहवाल, वर्तमानपत्रातली बातमी आणि एका माणसाने भावाला लिहिलेलं पत्र. तिन्हींत मृतांचा आकडा वेगळा. मी सरासरी काढायला निघालो. बाई म्हणाल्या, “आधी सांग, हे आकडे मोजले कुणी? आणि मोजणारा कुठवर पोचला होता?” अहवाल लिहिणारा पूल ओलांडून पलीकडे गेलाच नव्हता. हे त्याच्याच अहवालात, प्रवासखर्चाच्या नोंदीत दिसत होतं. ते शोधायला आम्हाला दोन तास लागले.

पुढे नोकरीत माझ्याकडे रुग्णांची एक मोठी फाइल आली. एका विभागात शून्य वय असलेले रुग्ण भरमसाट. सगळ्यांनी ती नवजात बाळं धरली होती. मला त्या पुलाची आठवण झाली. नोंद करणाऱ्या ताईंना जाऊन विचारलं. वय माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून त्या शून्य टाकत होत्या. संख्याशास्त्राच्या एकाही पेपरात मला ‘जाऊन विचार’ असं शिकवलं नव्हतं.

म्हणून तर्कशास्त्राबद्दल माझं मत वेगळं आहे. विषय उत्तम आहे, पण त्याचा बराचसा भाग तू डिस्क्रीट गणितात (संच, तर्क, मोजणी यांच्या गणितात) केला असशील किंवा करशील. तीच विचारपद्धत पुन्हा घेऊन काय मिळणार? जिथे पुरावा म्हणजे काय याची व्याख्याच वेगळी आहे, असा विषय घे. इतिहासात कागद, मानववंशशास्त्रात माणसांबरोबर काढलेले महिने, भूगर्भशास्त्रात खडकांचे थर. आणि नावावरून निवडू नकोस, अभ्यासक्रमाचा कागद मागव. ‘दोन बहुपर्यायी परीक्षा’ लिहिलं असेल तर तुझ्या मानसशास्त्रासारखंच होईल. ‘दर आठवड्याला मूळ कागदपत्रं वाचून दोन पानं लिहायची’ असं असेल तर जा, थोडा त्रास झाला तरी जा.

ही ओढाताण जुनीच आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 1869 पासून चाळीस वर्षं चार्ल्स एलियट अध्यक्ष होते. त्यांनी सक्तीचे विषय काढत काढत जवळजवळ सगळं विद्यार्थ्यांच्या निवडीवर सोडलं. 1909 साली त्यांच्या जागी लॉवेल आले आणि त्यांनी नियम आणला: एका विषयात खोल जा, बाकीचे वेगवेगळ्या गटांत वाटून घ्या. तुझी ती पाच गटांची यादी याच कल्पनेतून आलेली आहे. कोलंबिया विद्यापीठाने 1919 मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर, दुसरी वाट धरली: सगळ्यांनी मिळून एकच सामाईक विषय शिकायचा. याउलट ब्राउन विद्यापीठाने 1969 मध्ये गटांची सक्तीच काढून टाकली. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगाने 1949 च्या अहवालात सामान्य शिक्षणाची शिफारस केली होती. तेव्हा तुझा प्रश्न तुझ्या आळसाचा वगैरे नाही, मोठमोठ्या विद्यापीठांनाही त्यावर एकमत करता आलेलं नाही.

उत्तर 3 (दोन_कॉलेजं)

वरचं उत्तर मनापासून पटलं, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. मी दिवसा नोकरी करून शिकलो. माझे बहुतेक सामान्य विषय तीनशे जणांच्या सभागृहात झाले. मूळ कागद वगैरे कुणी दाखवले नाहीत. नंतर कॉलेज बदललं, तेव्हा नव्या कॉलेजने माझे चार विषय ‘ऐच्छिक’ म्हणून धरले, सामान्य शिक्षणात नाही. क्रेडिट मिळाले, अट मात्र तशीच राहिली. मला एक आख्खं सेमिस्टर पुन्हा द्यावं लागलं, तेही कर्ज काढून.

सक्ती करायची असेल तर कॉलेजने त्या वर्गांवर चांगले शिक्षक द्यावेत आणि वर्ग लहान ठेवावेत. नाहीतर तो विद्यार्थ्याच्या पैशावर आणि वेळेवर अन्याय आहे. ताई, कॉलेज बदलायचा विचार असेल तर आधी तिथली समकक्ष विषयांची यादी बघ आणि आपल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जपून ठेव. माझ्याकडे ते कागद असते तर निदान दोन विषय तरी मान्य करून घेता आले असते.

दुसरं_वर्ष

सगळ्यांचे आभार. काल बसून सहा विषयांचे अभ्यासक्रम मागवले. तर्कशास्त्राचे पहिले आठ आठवडे खरंच डिस्क्रीट गणितातलेच निघाले, म्हणून ते सोडलं. इतिहास विभागात साथीच्या रोगांवर एक विषय आहे. पंचवीस जणांचा वर्ग, दर आठवड्याला जुने अहवाल वाचून लिहायचं. त्याला नाव घातलंय. भूगर्भशास्त्राची प्रयोगशाळा याच सेमिस्टरला घेतेय, शेवटच्या वर्षाला नाही.

लेखनाचा दुसरा विषय दोन प्रकारचा आहे, तांत्रिक लेखन आणि निबंध. सल्लागाराला ईमेल केलाय की तांत्रिक लेखन मेजरमध्येही धरतील का. उत्तर आलं की इथे कळवते. रिकामा_रकाना, एक विचारायचं राहिलं: त्या शून्यांचं पुढे काय केलंत? त्या नोंदी काढून टाकल्या की वयं मिळवली?

रिकामा_रकाना

बऱ्याच जणांची वयं जुन्या केसपेपरवरून मिळाली. उरलेल्यांपुढे ‘माहीत नाही’ असं लिहिलं आणि फॉर्ममध्ये तसा पर्याय घालून घेतला.