बेलचं पिंप आणि मुलानचा खांब

डिस्नी आपल्या जुन्या कार्टूनपटांवरून खऱ्या नट-नट्यांचे नवे सिनेमे काढते, त्यांवर ‘जादा गाणं दिलं की झाली नायिका सक्षम’ अशी टीका होते. ती ‘अलादिन’ला (२०१९) पुरती लागू नाही. तिथे राजकन्या जास्मिन स्वतः राजगादीवर बसते.

मला मात्र ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधली (२०१७) नायिका बेल भावली. १९९१च्या कार्टूनमध्ये यंत्रं बाप बनवायचा, इथे ती. पिंपात कपडे, पिंपाला जुंपलेलं जनावर गोल फिरतंय आणि ही बया एका पोरीला वाचायला शिकवतेय! अमळनेरला बोरी नदीवर जन्मभर धुणी बडवलेली माझी आजी लगेच म्हणाली, ‘हाई पोर हुशार शे.’ गावकऱ्यांनी ते धुणं मातीत फेकलं, तेव्हा आजी उठूनच गेली.

उलट ‘मुलान’मधल्या (२०२०) सैनिक झालेल्या नायिकेला जन्मजात शक्ती देऊन टाकली. कार्टूनमधली (१९९८) सैन्याच्या सरावात डोकं लढवून खांबावर चढायची, तीच बरी होती.