बो शॉकच्या सूर्याकडील बाजूच्या लहरी

सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, स्वनातीत वेगाने येत असल्यामुळे बो शॉकपर्यंत (ग्रहापुढच्या ज्या सीमेवर तो एकदम मंदावतो तिथपर्यंत) त्याला ग्रहाची चाहूलच लागत नाही, असे म्हटले जाते; हे विधान मला अर्धेच पटते. जेथे सौरवाऱ्यातील चुंबकीय क्षेत्ररेषा शॉकच्या पृष्ठभागाला जवळजवळ लंब असतात, तेथे काही आयन (विद्युतभारित अणू) परावर्तित होऊन उलट सूर्याकडे धावतात आणि वाटेत लहरी निर्माण करतात. पृथ्वीजवळ त्यांचा आवर्तकाल साधारण ३० सेकंद असतो.

आणखी एक मुद्दा असा, की प्लाझ्माच्या (सौरवाऱ्यातील विद्युतभारित वायूच्या) संदर्भात या लहरी सूर्याकडेच निघालेल्या असतात, परंतु सौरवारा कितीतरी वेगवान असल्याने त्या पृथ्वीकडे वाहून येतात आणि यानावरील चुंबकमापकाला त्यांचे ध्रुवीकरण (लहरीतील क्षेत्र फिरण्याची दिशा) उलटे दिसते. एकाच यानाच्या नोंदींतून हे उलगडणे कठीण असते. २००० साली सोडलेल्या क्लस्टर या अंतराळ मोहिमेच्या चार यानांची एकत्रित मोजमापे मला म्हणूनच इतकी मोलाची वाटतात, कारण त्यांतून लहरींची खरी दिशा थेट काढता आली.