मदत हवी आहे: एक्सेलची फाइल उघडताना दर वेळी 'लिंक अपडेट करायच्या का' विचारते

पगारपत्रकाची फाइल (एक्सेल २०१६) हजेरीच्या फाइलमधून आकडे उचलते. दोन्ही सामायिक फोल्डरमध्ये आहेत, वापरणारे ६ जण. उघडताना कोणी 'अपडेट' दाबतं, कोणी 'डोन्ट अपडेट', त्यामुळे एकाच दिवशीच्या दोन प्रिंटमध्ये बेरीज जुळत नाही. शिवाय लिंकच्या यादीत २०१९ची एक जुनी फाइल दिसते, पण ती कुठल्याच सूत्रात सापडत नाही. ही खिडकी कायमची कशी घालवायची?

उत्तर १
फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा. 'जनरल'खाली 'आस्क टू अपडेट ऑटोमॅटिक लिंक्स' आहे, त्याची टिक काढा.

उत्तर २
वरचा उपाय कृपया करू नका. ती टिक फक्त त्या कॉम्प्युटरपुरती असते आणि काढली की तिथे उघडणाऱ्या इतर फाइलींच्या लिंकही न विचारता अपडेट होतात. उरलेल्या ५ जणांना खिडकी दिसतच राहील.

मुळात खिडकीतला हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. पगारपत्रक नुसतं बघायला उघडणाऱ्याला लिंक कुठून आली ते काय माहीत? ते फाइल बनवणाऱ्यानेच ठरवायला हवं, आणि तशी सोय आहे: डेटा, एडिट लिंक्स, खाली डावीकडे 'स्टार्टअप प्रॉम्प्ट'. तिथला तिसरा पर्याय निवडा (सूचना नको, लिंक अपडेट करा) आणि सेव्ह करा. हे फाइलमध्येच साठतं. एखाद्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा पिवळी पट्टी आली, तर 'एनेबल कंटेंट' एकदा दाबायचं.

त्याआधी २०१९ची लिंक काढा. लपवलेल्या शीट उघड्या करा, कंट्रोल-एफमध्ये [ टाका (सूत्रात दुसऱ्या फाइलचं नाव याच कंसात असतं), 'विदिन'मध्ये वर्कबुक आणि 'लुक इन'मध्ये फॉर्म्युलाज ठेवा. तिथे नसेल तर कंट्रोल-एफ३ दाबून नेम मॅनेजरमधला (सेलना दिलेल्या नावांची यादी) 'रेफर्स टू'चा रकाना वाचा. शीट दुसऱ्या फाइलमधून कॉपी केली की नावंही सोबत येतात, बहुतेक वेळा लिंक तिथेच दडलेली असते. मग डेटा व्हॅलिडेशन, कंडिशनल फॉरमॅटिंग, चार्ट तपासा. 'ब्रेक लिंक' घाईने दाबू नका: त्या लिंकची सूत्रं जाऊन नुसते आकडे उरतात आणि अनडू होत नाही. आधी प्रत काढून ठेवा.

प्रश्नकर्ता
लिंक नेम मॅनेजरमध्येच होती, काढली. पण आता आकडे ताजे आहेत की नाहीत, हे उघडणाऱ्याला कसं कळणार?

उत्तर २
हजेरीतल्या तारखांच्या रकान्याचं 'मॅक्स' (सगळ्यात अलीकडची तारीख) तिथल्याच एका सेलमध्ये काढा आणि तो सेल पगारपत्रकात एकूण रकमेशेजारी लिंक करा: 'हजेरी इथपर्यंत भरली आहे'. महिनाअखेरच्या आधीची तारीख असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगने सेल लाल होऊ द्या. प्रिंटवरही ती तारीख उमटेल.