पाचट-चिपाडाचं इथेनॉल: शेतकऱ्याच्या पदरात काय?

शिरोळकर: परवा इथे कुणीतरी लिहिलं की काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढलं की शेतकरी मालामाल, पण तो आळशी म्हणून जाळून टाकतो. वाचून डोकं उठलं. पानिपतचा इंडियन ऑइलचा प्लांट घ्या, 2022 ला उद्घाटन, खर्च 900 कोटींच्या वर, वर्षाला 2 लाख टन पराळीतून (भाताच्या काडीतून) 3 कोटी लिटर काढायचं ठरलेलं. म्हणजे वर्षाच्या एकेका लिटरमागे 300 रुपये भांडवल! व्याज दहा टक्के धरा, प्लांट पूर्ण क्षमतेने चालला तरी लिटरला 30 रुपये नुसतं व्याजच, एन्झाइम, वाफ, वाहतूक अजून धरलीच नाही. साखर कारखान्याच्या मळीत साखर आयती मिळते, काडीतली सेल्युलोजमध्ये अडकलेली, ती सोडवण्यातच पैसा जातो. आळशी म्हणणाऱ्याने ऊसतोड झाल्यावर माझ्या रानात यावं आणि एकराचं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, गोळा करून दाखवावं.

अभि_पिंपरी: पहिल्या प्लांटवरून निकाल कसा लावता? सोलरपण आधी महागच होतं. आणि तेल आयातीचे डॉलर, दिल्लीचा धूर, हे हिशोबात कुठाय?

बाइकवाला_नाशिक: आधी आमच्या खिशाचं बोला. माझी 2016 ची बाइक, ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आल्यापासून ॲव्हरेज सरळ 15 टक्क्यांनी पडलंय, पेट्रोलचा दर मात्र तोच.

अभि_पिंपरी: 15 शक्यच नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्याच्या 20 टक्के म्हणजे 6-7 होतात. नीती आयोगाने 2021 ला जुन्या दुचाकीला 3-4 च सांगितलेत. टायरमधली हवा बघा.

बाइकवाला_नाशिक: हवा बघितली, प्लग बदलला, कार्बोरेटर उघडला तर आतला रबर फुगलेला, मेकॅनिकने हातात दिला. तो काय नीती आयोगाला पाठवू? आणि 6 टक्के तरी मान्य करताय ना, मग तेवढे पैसे कमी करा की!

अभि_पिंपरी: दर कमी व्हायला पाहिजे, एवढं मान्य. 15 नाही.

लातूरची_लेक: मायलेज बास करा ओ! 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसाचं इथेनॉल एका आदेशात थांबवलं, मग आठवड्यात थोडी सूट दिली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभी केली त्यांनी काय करायचं? आमच्या बाबांचं उसाचं बिल त्या हंगामात महिनोन्‌महिने रखडलं, कायदा म्हणतो 14 दिवसांत द्या. धोरणाचाच भरवसा नसेल तर काडीच्या प्लांटला पैसा कोण लावेल?

शिरोळकर: हेच म्हणतोय. अभि, दिल्लीच्या धुराचं तुमचं बरोबर, पंजाबचं घ्या. भात निघाल्यावर गहू पेरायला दोन-तीन आठवडे हातात, तिथली काडी उचलायलाच हवी. आमच्याकडे रस काढून उरलेलं चिपाड कारखान्याच्या बॉयलरला जातं, त्यावर वीज होते. पाचट सरीत कुजवलं की खोडव्याला (तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला) ओल टिकते, तण कमी येतं. ते न्यायचं असेल तर बांधावर टनाला काय देणार ते आधी बोला.