मुलगा सव्वादोन वर्षांचा, शब्द जोडत नाही. कानाची तपासणी कुठे? (परभणी)

'आई', 'पाणी', 'भूभू' असे सुटे शब्द येतात, 'पाणी दे' असं जोडून अजून नाही. समज चांगली आहे: चप्पल आण म्हटलं की आणतो. ज्वारीच्या धांड्याला मातीचा बैल बांधून अंगणभर ओढतो, मग वाटी त्याच्या तोंडापुढं धरून पाणी पाजतो. बघत राहावं असं खेळतो! पण पाठीमागून हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. म्हणून कानाची शंका.

जन्म पूर्ण दिवसांचा, कान कधी फुटला नाही. मोबाईल बंद केलाय, चित्रं दाखवून रोज बोलतो. आजी म्हणते पोरं उशिरा बोलतात, पण मला थांबायचं नाही. पुण्याला जाणं जमणार नाही.

झोपेत करतात ती बेरा (ऐकू येतं का बघायची) तपासणी परभणीत सरकारी दवाखान्यात होते, की नांदेडला जावं लागेल? अंगणवाडीची चिठ्ठी लागते, की थेट गेलं तर चालतं?